पंचेचाळीस दिवस मोजायचे कुठून आणि थांबायचं कुठे

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा. तुम्ही कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये अकाउंट्स बघता. माल गेटवर आला की मोबाइलवर फॉर्म भरला जातो, त्यातून पॉवर ऑटोमेट या मायक्रोसॉफ्टच्या साधनातला फ्लो, म्हणजे आपोआप चालणारी कामांची साखळी, सुरू होतो आणि पेमेंटची मुदत आली की 'या सप्लायरचे पैसे सोडा' अशी आठवण तुम्हाला आणि साहेबांना जायला हवी. तक्रारी तीन. काही नोंदींची तारीख एक दिवस मागची पडते, सगळ्यांची नाही. १५ दिवसांच्या बिलांची आठवण येते, ४५ दिवसांच्या बिलांची येतच नाही. आणि रविवार, दुसरा-चौथा शनिवार वगळून ४५ दिवस मोजणारा फॉर्म्युला तुम्हाला हवाय. सध्या एक्सेलमधलं वर्कडे, म्हणजे फक्त कामाचे दिवस मोजून तारीख काढणारं फंक्शन, लावून पाहिलंय.

मी सतरा वर्षं सांगली-मिरजेतल्या छोट्या कारखान्यांना असलेच फ्लो आणि शीट बनवून देते. पहिल्या दोन तक्रारी तांत्रिक आहेत, पुढे सांगते. तिसरीबद्दल आधी बोलू, कारण तिथे फॉर्म्युला बरोबर मिळाला तर तुमचं जास्त नुकसान होईल.

हे ४५ दिवस कुठून आले? तुमच्या साहेबांनी ठरवलेले नाहीत. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायद्यात कलम १५ आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला आणि मुदतीचा लेखी करार असेल, तर त्या मुदतीत पैसे द्यायचे, पण ती मुदत काहीही झालं तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त धरता येत नाही. लेखी करारच नसेल तर १५ दिवस. हे साधे, कॅलेंडरवरचे दिवस आहेत. त्यात रविवारही आला, दिवाळीही आली. 'कामाचे दिवस' हा शब्द त्या कलमात नाही.

आता तुमचं वर्कडे काय करतं बघा. समजा माल १२ जून २०२४ ला आला, बुधवारी. साधे ४५ दिवस मिळवले की २७ जुलै येते. वर्कडे शनिवार-रविवार सोडून ४५ मोजतं, म्हणजे बरोबर नऊ आठवडे, आणि १४ ऑगस्ट दाखवतं. सुट्ट्यांची यादी जोडलीत तर त्याच्याही पुढे. अठरा दिवस उशीर, तोही फ्लो अगदी 'बरोबर' चालत असताना. शीट हिरवी दिसणार, कुणाला शंका येणार नाही, आणि सप्लायरने कलम १६ काढलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज.

वर मार्च आहेच. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात ४३बी(एच) घातलं, तेव्हापासून हा विषय अकाउंट्सच्या टेबलावर आला. मुदतीत न दिलेली रक्कम ज्या वर्षात प्रत्यक्ष द्याल त्याच वर्षी खर्च म्हणून धरतात. १० फेब्रुवारी २०२५ ला आलेल्या मालाची मुदत २७ मार्चला संपते. ते पैसे ५ एप्रिलला दिलेत तर त्या वर्षीची वजावट गेली, पुढच्या वर्षावर. पण २० फेब्रुवारीला आलेल्या मालाची मुदत ६ एप्रिलपर्यंत जाते, त्याचे पैसे त्याच ५ एप्रिलला दिले तर काही बिघडत नाही. दोन्ही बिलं ३१ मार्चला थकीतच दिसतात. फरक फक्त मोजणीचा. त्यामुळे मार्चअखेर एका दिवसाची चूकही सीए लोक चष्मा पुसून बघतात.

अर्थात हे सगळं सप्लायर कोण आहे त्यावर आहे. त्याची उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का, तो सूक्ष्म-लघु आहे की मध्यम, स्वतः माल बनवतो की नुसता ट्रेडर आहे. मध्यम उद्योगाला हे कलम १५ चं संरक्षण नाही. ट्रेडरना उद्यम नोंदणी मिळते ती कर्जाच्या प्राधान्यापुरती, थकबाकीच्या तरतुदीसाठी नाही. म्हणून सप्लायर मास्टरमध्ये 'मुदतीचा प्रकार' असा एक रकाना हवा, आणि तो तुमच्या सीएने भरून द्यायला हवा. तुम्ही नको, आणि मी तर अजिबातच नको.

आता मोजणीची सुरुवात. फॉर्ममध्ये तुम्ही कुठली तारीख घेता, ते प्रश्नात लिहिलेलं नाही. बहुतेक ठिकाणी बिलाची तारीख घेतात, कारण ती कागदावर छापलेली असते. पण कायद्यात मोजणी बिलापासून नाही, माल स्वीकारल्याच्या दिवसापासून आहे, म्हणजे साधारणपणे माल प्रत्यक्ष पोचल्याचा दिवस. आपल्याकडे हे शिकवावं लागू नये. ऊस घातल्यावर १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, मिळायला हवी, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज, हे जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. तो कारखान्याच्या बिलाची वाट बघत दिवस मोजत नाही. काट्याची पावती खिशात ठेवतो आणि त्यावरच्या तारखेपासून मोजतो. तुमची काट्याची पावती म्हणजे गेटचा इनवर्ड, माल आत आल्याची नोंद.

पहिला दिवस धरायचा की सोडायचा? कायद्यात 'अमुक दिवसापासून' असं असेल तर तो दिवस सोडतात. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम ९ मध्ये ते आहे. १२ जूनला माल आला तर १३ जून हा पहिला दिवस आणि २७ जुलै पंचेचाळिसावा. तारखेत नुसते ४५ मिळवले की हेच उत्तर येतं, म्हणून इथे वेगळं काही करावं लागत नाही. गंमत होते ती दुसऱ्या फंक्शनांत. एक्सेलचं वर्कडे सुरुवातीचा दिवस सोडतं, पण दोन तारखांमधले कामाचे दिवस मोजणारं नेटवर्कडेज दोन्ही टोकं धरतं. सोमवारला पाच कामाचे दिवस मिळवा, पुढचा सोमवार येतो. त्या सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत नेटवर्कडेजने मोजा, उत्तर सहा. एका शीटमध्ये मुदत वर्कडेने काढलेली आणि उशीर नेटवर्कडेजने मोजलेला, असं मी किती ठिकाणी पाहिलंय विचारू नका. वेळेत आलेला माणूस त्यात कायम एक दिवस उशिरा दिसतो.

आणि मोजणीचा शेवट. वरच्या उदाहरणातली २७ जुलै २०२४ म्हणजे चौथा शनिवार. बँक बंद. आता पुढे जायचं की मागे? लोक सहज म्हणतात, 'सुट्टी आली की दुसऱ्या दिवशी.' ही सवय कोर्टाच्या आणि सरकारी कचेरीच्या तारखांमुळे लागलेली आहे. कचेरी बंद असली तर उघडल्यावर करा, हे जनरल क्लॉजेसच्या कलम १० मध्ये आहे. पण १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये, हुंडी-प्रॉमिसरी नोटच्या बाबतीत, बरोबर उलटं आहे. मुदत सुट्टीच्या दिवशी संपत असेल तर ती आदल्या कामाच्या दिवशी संपली असं धरतात. म्हणजे दिशा ही कागदाच्या जातीवर ठरते. सप्लायरचं पेमेंट काही कोर्टात भरायचं नाही, त्यामुळे कलम १० च्या भरवशावर सोमवारपर्यंत थांबू नका. शिवाय बँक बंद होती हे कारणही आता लंगडं आहे. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालू आहे. पैसे शनिवारी जाऊ शकतात. जात नाहीत ते दुसऱ्याच कारणाने: ओटीपी साहेबांच्या मोबाइलवर येतो आणि साहेब शनिवारी गावाला गेलेले असतात.

म्हणून मी एका बिलासाठी दोन तारखा ठेवते. एक 'मुदतीची तारीख', जी कायद्याने किंवा कराराने येते. ती सुट्टी बघून हलवायची नाही, जशी आली तशी ठेवायची. दुसरी 'आपली तारीख', म्हणजे मुदतीच्या दिवशी किंवा त्याआधीचा कामाचा दिवस, त्यातूनही तीन-चार कामाचे दिवस मागे. सुट्ट्यांचा हिशेब फक्त या दुसरीत येतो, आणि कायम मागच्या दिशेने. तुमचा वर्कडे इथे वापरा, उणे आकडा देऊन. फंक्शन चुकीचं नव्हतंच, चुकीच्या जागी बसवलं होतं.

एवढं ठरलं की तुमची पहिली तक्रार घेऊ. काही नोंदी एक दिवस मागे पडतात. माझा अंदाज सांगते, तुम्ही तपासून बघा: त्या सगळ्या नोंदी रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेतल्या असतील. पॉवर ऑटोमेट 'आत्ता किती वाजले' हे यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, सांगतं, आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. १३ जूनला रात्री पावणेदोनला ट्रक आला, वॉचमनने टॉर्चच्या उजेडात फॉर्म भरला, की यूटीसीत तेव्हा १२ जूनच्या रात्रीचे सव्वाआठ वाजलेले असतात. फ्लोने तारीख घेतली १२. दिवसपाळीच्या नोंदी बरोबर येतात म्हणून फ्लो तपासताना हे कधी दिसत नाही. आपण तपासतो दुपारी चहा झाल्यावर. उपाय एक ओळीचा आहे. कन्व्हर्ट टाइम झोन वापरून आधी इंडिया स्टँडर्ड टाइममध्ये आणा, मग वेळ कापून नुसती तारीख ठेवा, आणि त्यानंतर दिवस मिळवा. क्रम महत्त्वाचा. आधी दिवस मिळवून शेवटी फॉरमॅट बदलणारे बरेच असतात.

सगळ्याच नोंदी एक दिवस मागे असत्या तर कारण वेगळं असतं. तेव्हा नुसत्या तारखेला कुणीतरी 'रात्री बारा, भारतीय वेळ' समजून यूटीसीत नेलेलं असतं, की ती आदल्या दिवसाची संध्याकाळ साडेसहा होते. त्यामुळे 'काही चुकतात की सगळ्या चुकतात' हा प्रश्न मी कुणालाही पहिला विचारते. तुम्ही तो न विचारता सांगितलात, त्याबद्दल आभार.

दुसरी तक्रार, ४५ वाल्यांची आठवण येत नाही. तुम्ही 'डिले अनटिल' (अमुक तारखेपर्यंत थांब) लावून फ्लो झोपवून ठेवला असणार. पॉवर ऑटोमेटमध्ये एक रन, म्हणजे फ्लोची एकदा सुरू झालेली फेरी, जास्तीत जास्त ३० दिवस जिवंत राहतो. १५ दिवसांचा उठतो, ४५ दिवसांचा झोपेतच जातो. कंपनीचा प्लॅन बदलून हे सुटत नाही, मांडणी बदलावी लागते. बिल आलं की फ्लोने फक्त यादीत ओळ लिहायची: माल आल्याची तारीख, मुदतीची तारीख, आपली तारीख, आणि 'आठवण गेली' हा रिकामा रकाना. दुसरा एक फ्लो रोज सकाळी आठला उठेल, यादी वाचेल, आणि ज्या ओळीत आपली तारीख आज किंवा आजच्या आधीची आहे आणि आठवण गेलेली नाही, तिथे मेल पाठवून तो रकाना भरेल. 'आजच्या आधीची' हे शब्द गाळू नका. तुलना नुसती 'आज'शी केली आणि एखाद्या सकाळी पासवर्ड बदलल्यामुळे फ्लो चाललाच नाही, तर त्या दिवसाच्या आठवणी कायमच्या गेल्या. रोजच्या फ्लोच्या वेळापत्रकातही टाइम झोन निवडायचा असतो, नाहीतर सकाळी आठची आठवण दुपारी दीडला येईल.

या मांडणीचा दुसरा फायदा म्हणजे तारीख बदलता येते. झोपलेल्या फ्लोला मध्येच 'थांब, मालात खोट निघाली' असं सांगता येत नाही. तुमच्या धंद्यात खोट निघतेच. क्यूसीने, म्हणजे माल तपासणाऱ्यांनी, लॉट बाजूला काढला आणि माल आल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी हरकत कळवली, तर कायद्याने स्वीकाराचा दिवस म्हणजे सप्लायरने ती हरकत दूर केल्याचा दिवस. मोजणी तिथून नव्याने. हरकत लेखी हवी. फोनवर 'अहो, बोअर मोठा लागलाय' म्हणणं पुरत नाही. म्हणून यादीत 'हरकतीची तारीख' आणि 'हरकत मिटल्याची तारीख' हेही दोन रकाने ठेवा, आणि मुदत त्यावरून काढा. हे रकाने क्यूसीच्या माणसाने भरायचे. त्याला यासाठी पटवणं हे फ्लो लिहिण्यापेक्षा अवघड जातं, हे आधीच सांगून ठेवते.

घड्याळ थांबवायची सोय नसली की काय होतं, ते मी स्वतः अनुभवलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत आयर्विन पुलाजवळ सत्तावन्न फुटांवर गेलं. धोक्याची पातळी पंचेचाळीस. तेव्हा मी एका ग्राहकाला मालाच्या डिलिव्हरीवर लक्ष ठेवणारं एक्सेलचं मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, करून दिलं होतं. ते रोज सकाळी उशीर झालेल्या सप्लायरना मेल टाकायचं. ऑफिस उंचावर, कोरडं, कॉम्प्युटर चालू, मॅक्रो इमानदार. सांगलीतल्या एका वर्कशॉपला सलग चार दिवस मेल गेले: 'आपला माल २ दिवस उशिरा आहे', '३ दिवस', '४ दिवस'. पाचव्या दिवशी त्यांचा फोन मला आला, कारण मेलखाली संपर्क म्हणून माझा नंबर होता. 'ताई, माल राहू दे, आमचं लेथ पाण्याखाली आहे.' एवढंच बोलले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक यादीत वरच्या बाजूला एक खूण असते, 'सगळे मेल थांबवा', आणि ती साध्या क्लार्कलाही लावता येते. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी आलं तेव्हा ती लावली गेली. मात्र तारखा मी थांबवत नाही, फक्त मेल. मुदत वाढते की नाही हे करारात काय लिहिलंय त्यावर आहे, ते माणसांनी बसून ठरवायचं.

मग सुट्ट्या वगळून मोजणं कुठे बरोबर? जिथे तुम्हीच 'सात कामाच्या दिवसांत' असा शब्द दिलाय तिथे. कोटेशन देणं, सॅम्पल पाठवणं, रिजेक्शनचा खुलासा, रजेची मंजुरी. तिथे सुट्ट्यांची यादी नीट हवी. आठवड्याची सुट्टी फक्त रविवार असेल तर वर्कडे नको, वर्कडे डॉट इंटल घ्या आणि सात आकड्यांची माळ द्या: सोमवारपासून सुरुवात, कामाच्या दिवसाला शून्य, सुट्टीला एक. तुमच्या भागाची साप्ताहिक सुट्टी रविवार नसून दुसरा वार असेल तर ती एकची जागा सरकवायची. बँकेसाठी दुसरा आणि चौथा शनिवार (१ सप्टेंबर २०१५ पासूनची व्यवस्था) त्या माळेत बसत नाही. ते सुट्ट्यांच्या यादीत तारखा म्हणून घालायचे. ओळखायला सोपे आहेत: शनिवार असून तारीख ८ ते १४ असेल तर दुसरा, २२ ते २८ असेल तर चौथा. वर्षभराचे चोवीस शनिवार पाच मिनिटांत निघतात.

बाकीच्या सुट्ट्यांना फॉर्म्युला नाही, आणि शोधूही नका. गुढीपाडवा, गणेश चतुर्थी तिथीने येतात; ईद चंद्रावर. सरकारने छापलेली यादीसुद्धा अखेरची नसते. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आले, तर ईदची सुट्टी २९ ला नेली. आणि ६ फेब्रुवारी २०२२, रविवार. ज्यांचं लहानपण आपल्या सांगलीत गेलं त्या लताबाई गेल्या. सोमवारी राज्यात सार्वजनिक सुट्टी जाहीर झाली. रविवारी दुपारी घरात रेडिओवर त्यांचीच गाणी चालू, आणि मी लॅपटॉप उघडून सहा ग्राहकांच्या फ्लोमध्ये एक-एक करून तारीख घालतेय, कारण तेव्हा मी सुट्ट्या फ्लोच्या आत लिहून ठेवायची. दुसऱ्याच आठवड्यात त्या बाहेर काढल्या. आता एकच यादी, तीन रकाने: तारीख, नाव, आणि 'कुणाला लागू', म्हणजे बँक, कारखाना की दोन्ही. दिवाळीत कारखाना चार-पाच दिवस बंद असतो, बँक तेवढी नसते. ही यादी एचआरचा माणूस बदलतो, मला फोन करत नाही.

तारखा लिहायची पद्धत हा वेगळ्याच दुखण्याचा विषय आहे, पण तुमच्या फॉर्ममध्ये तो येणारच म्हणून दोन गोष्टी. सप्लायरच्या शीटवरून तारखा चिकटवल्यावर त्या रकान्याकडे जरा लांबून बघा, कुठलंही अलाइनमेंट न लावता. काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे दिसल्या तर गडबड आहे. उजवीकडच्या एक्सेलला तारीख म्हणून समजल्या, डावीकडच्या नुसता मजकूर आहेत. कॉम्प्युटरचं सेटिंग अमेरिकन असेल तर १३/०६ मजकूर राहते, कारण तेरावा महिना नाही. पण ०५/०६ बिनबोभाट ६ मे होऊन बसते. चुकीची ती, जी शहाण्यासारखी उजवीकडे उभी आहे. त्यामुळे फॉर्ममध्ये तारीख टाइप करायला देऊच नका, कॅलेंडरमधून निवडायला लावा, आणि यादीत २०२४-०६-१२ अशी वर्ष पुढे ठेवून साठवा. दाखवताना हवी तशी दाखवा.

दुसरी गोष्ट, फ्लोने एक्सेलमधून तारीख वाचली आणि ४५४५५ असा आकडा आला तर घाबरू नका. ती १२ जून २०२४ च आहे. एक्सेल दिवसांना १९०० सालापासून क्रमांक देतं. त्यात त्याने २९ फेब्रुवारी १९०० हा कधी न उजाडलेला दिवसही धरलाय, लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रामशी जुळावं म्हणून. त्यामुळे आकड्यावरून तारीख काढताना ३० डिसेंबर १८९९ मध्ये तेवढे दिवस मिळवायचे. किंवा सरळ वाचतानाच तारखेचा फॉरमॅट आयएसओ (वर्ष-महिना-दिवस) निवडा, म्हणजे हा प्रसंगच येत नाही.

महिन्यांची भर तुम्ही विचारली नाही, पण एएमसी (वार्षिक देखभाल करार) आणि कॅलिब्रेशनच्या (मोजमापाची साधनं तपासण्याच्या) आठवणी पुढे याच यादीत येतील. तेव्हा ३१ जानेवारीत ईडेट या महिने मिळवणाऱ्या फंक्शनने एक महिना मिळवला की २८ फेब्रुवारी येते, त्यात पुन्हा एक मिळवला की २८ मार्च, आणि तुमची ३१ तारीख कायमची हरवते. आधीच्या हप्त्यावरून पुढचा काढू नका. दर वेळी मूळ तारखेत १, २, ३ महिने मिळवा.

आता कामाला कुठून लागायचं? आधी फ्लो उघडू नका. सीएकडून सप्लायरच्या यादीवर मुदतीचा प्रकार भरून घ्या. मग वर सांगितलेल्या दोन तारखांची यादी करा, रात्रीच्या नोंदींचा टाइम झोन दुरुस्त करा, झोपणारा फ्लो काढून रोज उठणारा ठेवा. सध्या यादीत असलेली जुनी बिलं नव्याने मोजा, कारण वर्कडेने काढलेल्या तारखा तिथे पुढच्याच दाखवत असतील. ज्यांची मुदत खरं म्हणजे उलटून गेलीय ती आजच साहेबांसमोर ठेवा, आठवणीची वाट बघू नका.

आणि चालू करण्याआधी दहा-बारा खोट्या नोंदी घालून बघा. रात्री १२ वाजून १० मिनिटांची एक. पहाटे ५ वाजून २५ ची एक आणि ५ वाजून ३५ ची एक. २९ फेब्रुवारीची. मुदत चौथ्या शनिवारी संपेल अशी. मुदत दिवाळीत संपेल अशी. १० फेब्रुवारीची आणि २० फेब्रुवारीची. एकात हरकत घातलेली, आणि एकात हरकत अजून न मिटलेली. ही शेवटची फार लोक विसरतात, आणि मग एक्सेल रिकाम्या तारखेत ४५ मिळवून फेब्रुवारी १९०० दाखवतं. प्रत्येकीचं उत्तर आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने, बोट ठेवून मोजा. तुमच्याकडचे जुने अकाउंटंट असतील तर त्यांना शेजारी बसवा. आमच्या एका ग्राहकाकडचे काका मोजताना पहिल्या दिवसावर बोट ठेवून 'हा शून्य' असं मोठ्याने म्हणतात. फ्लोचं आणि त्यांचं उत्तर जुळेपर्यंत मी फ्लो चालू करत नाही.

मुदतीच्या तारखेबद्दल काही अडलं तर नोंदीची वेळ, मालाची तारीख आणि फ्लोने काढलेली तारीख असे तिन्ही आकडे एकत्र टाका. नुसतं 'एक दिवस चुकतोय' यावरून या वेळेस अंदाज करता आला, दर वेळी येईलच असं नाही.